कतल्याची मुंडी

आमच्या ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्याच्या, घरात कतला माशाची मुंडी कर्त्या माणसाच्या पानात पडते. हे कोणी शिकवत नाही. माझं लग्न झालं तेव्हा बाप जिवंत होता. गोकुळा, माझी बायको, मुंडी त्याच्या पानात वाढायची. बाप गेला. तेरवी झाल्यावर घरात पहिला मासा शिजला, तेव्हा तिनं काही न बोलता मुंडी माझ्या पानात टाकली. घर माझ्यावर आलं हे मला त्या दिवशी कळलं. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली.

तीच गोकुळा दर शनिवारी माझ्यासोबत जाळं ओढणाऱ्या मुखरूच्या पानात मुंडी वाढते, हे मला आमच्या सुनेनं सांगितलं. रोशनी एक दिवस तिथं भांडी घासायला गेली होती. घरी येऊन तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मामाजी, तिथी मुंडी मुखरूमामाच्या पानात पडते. आत्याबाई सोताच्या हातानं टाकतात."

"पडू दे," मी म्हटलं. "ते नाटक हाय."

म्हटलं खरं, पण त्या संध्याकाळी भात मला गेला नाही.

तिथं म्हणजे 'जुनं गाव' नावाच्या हॉटेलात. मोहर्लीच्या फाट्यापासून आत, जंगलाला लागून, नागपूरच्या एका माणसानं ते बांधलं. लोक वाघ पाहायला येत, आणि वाघ दिसला नाही की तोंड पाडून परत जात. त्या माणसाच्या डोक्यात आलं की वाघ आपल्या हातात नाही, पण गाव आपल्याला बांधता येतं. त्यानं बारा झोपड्या बांधल्या. बाहेरून शेणामातीच्या, आतून सिमेंटच्या. थंड हवेची मशीन बांबूच्या ताटीमागं लपवलेली. पाहुणा आला की फाटकावर त्याचा मोबाइल आणि घड्याळ काढून घेत, धोतर-बंडी किंवा लुगडं देत आणि एक चिठ्ठी देत. चिठ्ठीत लिहिलेलं असे, तुम्ही गुराखी, तुम्ही नवी सून, तुम्ही गावचे सुतार. मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यानं तेच होऊन राहायचं. एका माणसाचे बावीसशे रुपये. हे दोन हजार चारच्या आसपासचं सांगतो आहे. तेव्हा बावीसशेत आमच्याकडे घरावरची कवेलू बदलून होत.

त्या गावाला एक आजोबा आणि एक आजी हवी होती. मॅनेजर सुरेंद्रसाहेब आमच्या गावात जोडपं शोधायला आला, तेव्हा मी आणि गोकुळा दोघं गेलो होतो. त्यानं आम्हाला खाटेवर शेजारी बसवलं आणि म्हणाला, "हसा."

गोकुळा हसली. मीही माझ्या परीनं हसलो.

"आजी एकदम बरोबर," तो म्हणाला. "पण या बाबांचा चेहरा कडक आहे हो. पाहुण्यांची मुलं घाबरतील."

कुंपणाजवळ मुखरू उभा होता. माझी फजिती पाहून तो खदखदून हसला. पुढचे दोन दात नाहीत, मिशा पांढऱ्याफेक. सुरेंद्रसाहेबानं वळून पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही या इकडे."

असा मुखरू माझ्या बायकोचा नवरा झाला. शनिवार-रविवारपुरता.

मुखरू आणि मी तीस वर्षं एकाच ओढजाळ्याची दोन टोकं धरतो. त्याचं माझ्यापासून काही लपलेलं नाही, म्हणून सांगतो, त्याला फेकजाळं फेकता येत नाही. त्याचं जाळं हवेत कधी गोल उघडलंच नाही. ओल्या फडक्यासारखं पाण्यावर पडतं. तोच मुखरू तिथं यंत्रानं खोदलेल्या तलावडीवर उभा राहून जाळं फेकून दाखवी आणि शहरातले लोक टाळ्या वाजवत. तलावडीतला मासा कुणाचा? आमच्या मच्छीमार सोसायटीचा. शुक्रवारी सकाळी मी पकडलेले कतले ड्रममध्ये जिवंत घालून हॉटेलची जीप घेऊन जाई. म्हणजे मासा मी पकडायचा, रांधायचा माझ्या बायकोनं, आणि मुंडी खायची मुखरूनं.

गोकुळेत फरक पडला होता. शनिवारी दुपारी ती हॉटेलचं हिरवं लुगडं नेसून, कपाळाला ठळक कुंकू लावून निघे. रविवारी संध्याकाळी आली की पाय पसरून बसे आणि घरात बोलत नसे. मी विचारलं, तर म्हणाली, "तिथी बोलून बोलून तोंड दुखते."

"मंग घरी काऊन नाई बोलत?"

"तिथी लोक मले इचारतात. मी सांगतो त आयकतात. तुमी काय इचारता? भात झाला का, एवढंच."

त्यानंतर रोज मी मनात त्या झोपड्यांकडे जाऊन येई. ती तिथं हसते कशी? मुखरूला काय म्हणते? अंगणात त्याच्या शेजारी बसते की जरा लांब? बासष्ट वर्षांच्या माणसानं असं मनात आणू नये, हे मला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

तिथला एक नियम मला माहीत होता. आत कोणी खरं नाव, खरं नातं काढायचं नाही. आमच्याच गावचा कोलू तिथं कोतवाल होई. एका पाहुण्याला तो बोलता बोलता म्हणाला की माझं खरं घर पलीकडं आहे, तिथं टीव्ही आहे. पुढच्या शनिवारपासून त्याला बोलावणं आलं नाही. वेष मोडला की घरी, असा हिशेब.

मी ठरवलं की वेष मोडायचा. पाहुणा होऊन आत जायचं, जेवणाच्या पंगतीत बसायचं, मुंडी मुखरूच्या पानात पडली की उठून उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं, ही बाई माझी बायको आहे. मग आजी पण घरी आणि आजोबा पण घरी.

दोन बोकड विकले. चंद्रपूरला माझा पुतण्या प्रफुल याचं फोनचं दुकान आहे. त्यानं फोन करून माझ्या नावानं खोली धरली आणि त्याची पँट आणि चौकड्याचा शर्ट मला दिला.

"काका, बावीसशे? त्यात तुमाले खरीखुरी म्हैस नाई येनार, पन पारडू त येते," तो म्हणाला.

"मले म्हैस नाई पायजे."

"मंग काय पायजे?"

मी शर्ट घडी करून पिशवीत घातला.

शनिवारी गोकुळा निघून गेल्यावर तासाभरानं मी निघालो. फाटकावर बिरजू होता. तोही आमच्याच गावचा.

"काय गा मनसारामभाऊ, वहिनीले काही द्याचं हाय का? मी देतो."

मी पावती पुढं केली. त्यानं ती उलटसुलट पाहिली, मग माझा शर्ट पाहिला.

"भाऊ, तुमी पैसे देऊन आले? इथी?" त्यानं आवाज खाली आणला. "आपलंच गाव पाहाले?"

"फाटक उघड."

सुरेंद्रसाहेब समोर आला आणि हात जोडून वाकला. दोन वर्षांपूर्वी यानंच माझा चेहरा कडक ठरवला होता. आता म्हणाला, "या, या. तुम्हाला कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय."

"चंद्रपूरले पाह्यलं असन," मी म्हटलं.

वहीत मी माझं नाव स्वतः लिहिलं. बाकीचे पाहुणे जोडप्यानं, मुलाबाळांसह आलेले. मी एकटा. सुरेंद्रसाहेबानं जरा विचार केला आणि मला चिठ्ठी दिली. पन्नाशीला आल्यावर रात्रीच्या साक्षरतेच्या वर्गात मी अक्षरं शिकलो, त्यामुळं वाचायला वेळ लागतो. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'व्याही. आजोबांच्या मुलीचे सासरे. मुलीला माहेरी घेऊन आले आहेत. मानाचे पाहुणे.'

म्हणजे मी मुखरूचा व्याही आणि गोकुळा माझी विहीण.

मला धोतर नेसवायला एक माणूस आला. आयुष्यभर जे नेसलो ते तो मला नेसवत होता, आणि चुकीचं नेसवत होता.

अंगणात मुखरू पाटावर बसला होता. मला पाहून त्याचं तोंड उघडं पडलं. दात नसलेली जागा दिसली. तेवढ्यात सुरेंद्रसाहेब मोठ्यानं म्हणाला, "आजोबा, तुमचे व्याही आले बरं का!"

मुखरू सावरला. दोन वर्षांत तो पक्का झाला होता.

"या व्याहीबुवा," तो म्हणाला. "लय उशीर केला. रस्त्यात बैल झोपला का तुमीच झोपले?"

व्याही व्याह्याला टोमणे मारतो, त्यात कोणाला राग यायचा नसतो. ती सूट माझ्या चिठ्ठीतच होती. मी म्हटलं, "तुमचं घर सापडेना. मंग मनलं, जिथी मानूस फुकटचं खाऊन जाड झाला असन, तेच घर."

पाहुणे हसले. मुखरूही हसला, पण डोळ्यांनी नाही.

"बसा ना. पोरगी आनली का एकटेच आले?"

"पोरगी मांगून येते. मी अगोदर पाहाले आलो, का व्याह्याच्या घरात काय काय चालते."

"काय चालन? म्हातारा-म्हातारी हाओ आमी."

"तेच त पाहाचं हाय."

आतून गोकुळा पाण्याचा गडवा घेऊन आली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. माझ्याकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. गडव्यातलं पाणी हललं. मग तिनं पदर नाकापर्यंत ओढला, विहिणीनं ओढावा तसा, आणि गडवा माझ्यापुढं ठेवला.

"व्याह्याले पानी द्या," ती कोणाकडेही न पाहता म्हणाली. "उनातून आले. बंडीची घडी पन मोडली नसन अजून, नवीन कपडे घालून आले मने."

"तुमच्या घरी याचं त नवीन कपडेच घाला लागतात विहीणबाई. तुमी बी नवीनच नेसल्या."

"आमाले घरधन्यानं घेऊन देल्लं," ती म्हणाली आणि आत गेली.

घरधनी. मुखरू खाली पाहून मिशीवरून हात फिरवत होता. पाहुणे टाळ्या पिटत होते. सुरेंद्रसाहेब एका माणसाला म्हणाला, "बघा, हे सगळं आपोआप चालतं इथं. आम्ही काही पाठ करून घेत नाही."

दुपारभर मी पाहत होतो. गोकुळा पुण्याहून आलेल्या एका बाईचे केस विंचरत होती. तिचं नाव दिव्यानी, चिठ्ठीप्रमाणं ती नवी सून. बँकेत मोठ्या जागेवर होती म्हणे. गोकुळा तिला गोष्ट सांगत होती, आमच्या तलावाला पूर आला आणि तिनं सुपानं मासे धरले त्याची. त्या पुरात मीही होतो. तिच्या गोष्टीत मी नव्हतो. आणि ती हसत होती. घरात तिला असं हसताना मी शेवटचं कधी पाहिलं, ते मला आठवेना.

केस विंचरून झाल्यावर दिव्यानीबाई माझ्याशेजारी येऊन बसली. मी विचारलं, "बाई, एवढे पैसे देऊन तुमाले काय भेटते इथी?"

"तुम्हीही दिलेत ना काका?"

"हाव. म्हनून त इचारतो."

तिनं विंचरलेल्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आमच्याकडे कोणी वाढत नाही हो. आपापलं घ्यायचं आणि टीव्हीपुढं बसायचं. इथं आजी समोर उभी राहून वाढते, अजून घे म्हणते. खोटं असेल, पण घे म्हणते ना."

मला तिचा राग आला. माझ्या घरचं तिनं बावीसशेत विकत घेतलं होतं आणि ते तिला स्वस्त वाटत होतं. मग लक्षात आलं की मीही तेच केलं होतं.

दिवेलागणीला पंगत बसली. अंगणात कंदील लावले. पळसाच्या पत्रावळी. मधोमध मुखरू, त्याच्यासमोर मी, दोन्हीकडे पाहुणे. सुरेंद्रसाहेब उभा राहून समजावून सांगत होता, "आता बघा. या घरांमध्ये कतल्याची मुंडी घरच्या कर्त्याला वाढतात. तो त्याचा मान. बघा हं."

मी गुडघ्यावर हात ठेवला. उठायचं, एक वाक्य बोलायचं आणि खाली बसायचं. वाक्य मी रस्त्यानं घोकत आलो होतो.

गोकुळा आली. एका हातात भाताची परात, मागून एक पोरगी रश्शाची कढई घेऊन. तिनं मुखरूच्या पानावर भात घातला. रस्सा घातला. मुखरूनं बोटांनी भात जरा बाजूला सारला आणि मधे जागा केली. मुंडीएवढी जागा. ते इतक्या सवयीनं केलं की मला दिसलं, हा माणूस दोन वर्षं या जागेची आठवडाभर वाट पाहतो. त्याची बायको कमळा जाऊन सहा वर्षं झाली होती.

मग गोकुळा माझ्याकडे वळली. भात घातला. रस्सा घातला. पळी कढईत गेली आणि मुंडी घेऊन वर आली. आणि ती मुंडी तिनं माझ्या पानात टाकली.

रस्सा पत्रावळीवरून वाहत माझ्या मांडीपर्यंत आला. गोकुळेनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं, पळीकडे पाहिलं, मग मुखरूच्या पानातल्या त्या रिकाम्या जागेकडे. पदराखाली तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

"आजी?" सुरेंद्रसाहेब म्हणाला. आवाजात हसू होतं, पण कमीच. "मुंडी आजोबांची ना?"

एका पाहुण्यानं विचारलं, "चुकलं का काही?"

मला काहीच करायचं उरलं नव्हतं. मोडायला आलो होतो, ते मोडून माझ्या पानात पडलं होतं. आता फक्त खरं बोलायचं. सुरेंद्रसाहेब माझ्याकडे पाहत होता, कोड्याचं उत्तर आता सापडणार असा. तुम्हाला कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय, असा.

मुखरूनं आधी तोंड उघडलं. "चुकलं काय त्यात साहेब? व्याह्याचा मान हाय तो. व्याही आला का मुंडी व्याह्याले." असं म्हणत त्यानं बोटांनी भात पुन्हा ओढून ती जागा बुजवली.

"असं असतं?" सुरेंद्रसाहेबानं मला विचारलं. "व्याहीबुवा, तुमच्याकडेही अशीच पद्धत?"

असली पद्धत कुठंही नाही. गोकुळा माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती त्या दिव्यानीबाईकडे पाहत होती, जिचे केस तिनं विंचरले होते. मला वाटलं, हिला इथून घरी नेली तर मला काय मिळेल? भात झाला का, एवढंच.

"आमच्याइकडे," मी म्हटलं, "व्याह्याले मुंडी नाई देल्ली त आमी पोरगी नांदवत नाई. बैलगाडीत बसवून परत धाडतो."

हशा झाला. सुरेंद्रसाहेब सगळ्यांत मोठ्यानं हसला. गोकुळा मुखरूच्या पानात शेपटीचा तुकडा वाढून पुढं सरकली.

मी मुंडी खाल्ली. शहरातल्या लोकांसाठी केलेली, मिरची नाही, मीठ अर्धं. दोन बोकडांची मुंडी. हाडं चोखून बाजूला ठेवली. समोर मुखरू शेपटीचे काटे काढत होता आणि मान वर करत नव्हता.

रविवारी मी फाट्यावर थांबलो, आणि संध्याकाळी आम्ही दोघं पायी घरी आलो. गोकुळा पुढं, मी मागं. नाला ओलांडल्यावर ती म्हणाली, "दोन्ही बोकड इकले ना?"

"हाव."

"मले वाटलंच. खुंटे रिकामे दिसले."

मी विचारलं, "मुंडी मले काऊन टाकली? हात चुकला का समजून टाकली?"

"मले नाई माहीत," ती म्हणाली. "तुमी उठून उभे राहनार होते ना? गुडघ्यावर हात ठेवला तवाच समजलं मले."

घर येईपर्यंत मी विचार करत होतो की तिनं माझ्या मानासाठी टाकली, की माझं तोंड बंद करायला. अजूनही मला नक्की सांगता येत नाही.

पुढच्या आठवड्यात रोशनीनं बातमी आणली. सुरेंद्रसाहेबाला ते फार आवडलं होतं. व्याह्याची चिठ्ठी आता वेगळी झाली होती, तिचे तीनशे रुपये जास्त, मुंडीसकट. दर शनिवारी कोणीतरी नागपूरचा, पुण्याचा, हैदराबादचा माणूस माझ्या जागी बसून गोकुळेच्या हातची मुंडी खाई. आधी माझ्या मनात एका मुखरूचाच सल होता. आता दर आठवड्याला नवा माणूस, आणि त्याचं नावही मला माहीत नसे.

बातमी आली त्याच आठवड्यात, शुक्रवारी, मुखरू आणि मी नेहमीसारखे तलावात उतरलो. त्यानं त्याचं टोक धरलं, मी माझं. छातीभर पाण्यात असताना त्यानं विचारलं, "मुंडी चांगली होती का गा?"

"मीठ कमी होतं."

"दोन वर्षं मी तशीच खाल्ली," तो म्हणाला.

जाळं काठाला आलं. ड्रममध्ये भरायचे कतले भरून झाल्यावर एक मोठा उरला, तो आमच्या वाट्याचा. कोयत्यानं मी त्याचे दोन भाग केले. आम्ही वाटे पाडतो तेव्हा ज्या वाट्यात मुंडी येते त्यात मांस कमी ठेवतो, म्हणजे बरोबरी होते. मी दोन्ही वाटे पानावर ठेवले आणि मुंडीचा वाटा त्याच्याकडे सरकवला.

"ने," मी म्हटलं.

मुखरूनं तो वाटा पाहिला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"मी कायले नेऊ?" तो म्हणाला. "मले रांधून वाढन कोन?"

त्यावर माणूस एकच वाक्य बोलतो, संध्याकाळी जेवायला ये गा. ते वाक्य माझ्या तोंडात आलं. मग डोळ्यांपुढं आमचा ओटा आला, दोन पानं, आणि कढई घेऊन उभी गोकुळा. तिची पळी कुणीकडे वळेल, हे मला सांगता येईना.

मी मुंडी पिशवीत घातली आणि घरी आलो. मुखरूला जेवायला ये, असं मी अजून म्हटलेलं नाही.